बाबांच्या पिस्तुलाचा घोडा

त्या शनिवारी सकाळी बाबांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर पिस्तूल उघडून मांडलं आणि आईला सांगितलं की आज पोहे हातातच दे, टेबल कामात आहे. नोव्हेंबर होता. राजधानीच्या टोकाला, द्वारकेतल्या आमच्या सातव्या मजल्यावरून समोरची सोसायटी दिसत नव्हती, इतका धूर. खिडक्या बंद करून आम्ही तिघं आत बसलो होतो. मी लॅपटॉपवर गुरुग्रामच्या ऑफिसचं राहिलेलं काम उरकत होते, आई दाणे निवडत होती आणि बाबा भिंगातून दोन इवलेसे लोखंडी तुकडे न्याहाळत होते.

पिस्तूल म्हणजे शर्यत सुरू करायचं. नळी आतून भरीव, त्यातून आवाज आणि धूर यापलीकडे काही बाहेर पडत नाही. जर्मन बनावटीचं, बाबांहून थोडंच लहान, अक्रोडाच्या मुठीचं. लक्ष्मीबाई नगरात केंद्र सरकारच्या नोकरीतल्या मराठी लोकांचं मंडळ आहे. त्याच्या वार्षिक क्रीडादिनाला बाबा पस्तीस वर्षं हे पिस्तूल उडवत आले होते. मंत्रालयात ते अवर सचिव म्हणून निवृत्त झाले, पण ओळख कुणी विचारली तर आधी 'स्टार्टर' सांगत.

मागच्या फेब्रुवारीत पिस्तुलाने दगा दिला. पासष्टीपुढच्या महिलांची चालण्याची शर्यत होती. बाबांनी हात वर केला, "जागा घ्या" म्हणाले, आणि पिस्तूल आपलं आपणच उडालं. बायका निघाल्या. बाबा "परत या, परत या" ओरडत राहिले, पण एकदा निघालेली सत्तर वर्षांची बाई कुणाचं ऐकत नाही. शर्यत पूर्ण झाली, आई तिसरी आली, आणि निकाल रद्द केल्याबद्दल ती बाबांशी दोन दिवस बोलली नाही.

घोडा म्हणजे मागून आदळणारा भाग. तो खाचेत अडकून उभा राहतो; चाप ओढला की सुटतो. आमच्या पिस्तुलाची ती खाच झिजून गुळगुळीत झाली होती. विश्वासकाका, म्हणजे मंडळाचे सध्याचे चिटणीस आणि बाबांचे जुने शेजारी, म्हणत होते की कानस मारून नवी खाच पाडू. बाबांना कानस हा शब्दही सहन होत नसे. त्यांनी जर्मनीतला एक विक्रेता शोधला. तो जुन्या पिस्तुलांचे सुटे भाग विकायचा. त्याला पिस्तुलावरचा नंबर कळवला, एम एम ११४७. विक्रेत्याने उत्तर दिलं की एम एम म्हणजे काय ते ठाऊक नाही, पण नंबर इतका लहान असेल तर माल पहिल्या धाटणीचा. त्याप्रमाणे घोडा आणि चाप पाठवतो. ते दोन तुकडे आदल्या दिवशी आले होते.

आणि घोडा बसत नव्हता. बाबांनी तो चार वेळा काढला, चार वेळा घातला.

"मुळात हे झिजलं कशानं ते सांग," ते भिंग न काढता म्हणाले. "वर्षातून एक दिवस वापर. दहा-बारा शर्यती. एवढ्यानं लोखंड झिजत नाही. कुणीतरी काडतूस न घालता रिकामं चालवत बसलेलं."

"कुणीतरी कशाला, सुधन्वानं," आई म्हणाली. "चोवीस वेळा झालंय ते बोलून."

"सत्तावीस. दर वर्षी एकदा."

मी कीबोर्डवरची बोटं थांबवली. सत्तावीस वर्षं ते वाक्य मी दरवर्षी ऐकत होते. सुधन्वा म्हणजे विश्वासकाकांचा मुलगा, माझ्याच वयाचा. आम्ही बारा वर्षांचे असताना क्रीडादिनाच्या आदल्या दिवशी तो आमच्या क्वार्टरमध्ये पिस्तूल हातात घेऊन उभा असलेला सापडला. दुसऱ्या दिवशी पिस्तूल पहिल्यांदा अडलं. काकांनी त्याच्या कानाखाली वाजवली आणि त्या वर्षी शंभर मीटरमधून त्याचं नाव काढलं. तो कॉलनीत सगळ्यांत जोरात पळायचा.

त्याने ते एकदाच हातात घेतलं होतं. मी शाळेतून आल्यावर, आई-बाबा ऑफिसात असताना, कपाटाच्या आरशासमोर उभी राहून अख्खं वर्ष रोज ते रिकामं चालवत होते. कुणालाही पळायला लावायचं नव्हतं मला. सगळं मैदान गप्प होतं आणि एका माणसाच्या बोटाकडे बघतं, ते मला हवं होतं. रिकामं चालवल्यानं काही बिघडतं हे मला माहीत नव्हतं. कळलं तेव्हा सुधन्वाला मार बसत होता.

त्या शनिवारी सांगायला काहीच हरकत नव्हती. आई हसली असती, बाबांनी भिंग काढून माझ्याकडे पाहिलं असतं. पण ऑफिसचा फोन आला, मी उठून आतल्या खोलीत गेले, आणि परत आले तेव्हा बाबांनी पिस्तूल फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं. सोमवारी बँकेत हयातीचा दाखला द्यायचाय, तिकडून आल्यावर बघतो, म्हणाले.

सोमवारी त्यांनी दाखला दिला. अंगठा उमटला, पावती मिळाली. मग तिथल्याच बाकावर बसले आणि उठले नाहीत. सरकारदरबारी ते पुढच्या नोव्हेंबरपर्यंत हयात होते. ही गोष्ट त्यांना फार आवडली असती, आणि ती ज्याला सांगावी असा माणूस घरात उरला नव्हता.

डिसेंबरच्या शेवटी विश्वासकाकांचा फोन आला. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी क्रीडादिन आहे, बाजारात बॅटरीवर चालणारा भोंगा मिळतो, तो आणू का, असं ते विचारत होते. विचारताना त्यांचाच आवाज पडलेला होता. मी म्हटलं, भोंगा नको, पिस्तूल मी दुरुस्त करून आणते. काका म्हणाले, बिल्कुल, मग सुधन्वाला घेऊन जा, दुरुस्त करणारा दरियागंजला बसतो, तुला तिथल्या गल्ल्या माहीत नाहीत.

त्याला नको, असं म्हणायला माझ्याजवळ कारण नव्हतं. म्हणजे होतं, पण सांगण्यासारखं नव्हतं. मी फडकं सोडलं, दोन नवे तुकडे डबीत घातले आणि मनाशी ठरवलं की क्रीडादिनाच्या आत पिस्तूल नीट झालं पाहिजे आणि क्रीडादिनाच्या आत सुधन्वाला खरं कळलं पाहिजे. पहिली गोष्ट सोपी वाटत होती.

सुधन्वा सोसायटीच्या गेटपाशी गाडी घेऊन आला. आता तोही गुरुग्राममध्ये नोकरी करतो, पोट सुटलंय, दोन मुलींचा बाप आहे. पिस्तुलाची पिशवी त्याने मागच्या सीटवर ठेवून दिली आणि म्हणाला की तुझे बाबा वरून बघत असतील तर त्यांनी नोंद घ्यावी, मी फक्त पिशवीला हात लावलाय. धौला कुआँपर्यंत मी तीनदा तोंड उघडलं. तीनही वेळा त्याच्या धाकट्या मुलीचा फोन आला. तिला शाळेत झाडाचं सोंग मिळालं होतं आणि तिला वाघ व्हायचं होतं. पुढचा सगळा रस्ता सुधन्वा झाडाची बाजू मांडत होता.

जमीलसाहेबांचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. शाळांची स्टॉपवॉच, टाइपरायटर, शर्यतीची पिस्तुलं, जे जे टिकटिक किंवा खटखट करतं ते सगळं तिथे दुरुस्त होतं. सत्तरीचे गृहस्थ, अंगात स्वेटरवर स्वेटर. पिस्तूल पाहून त्यांनी आधी चहा मागवला. मग घोडा बाहेर काढून त्याची खाच नखाने चाचपली.

रिकामं खूप चालवलंय कुणीतरी, ते हिंदीत म्हणाले. काडतूस असलं की घोड्याचा मार काडतूस खातं. नसलं की लोखंड लोखंडावर आदळतं.

सुधन्वाने हात वर केला. "मुजरिम हाजिर है, साहब. बचपन में दबाया था. एक बार."

जमीलसाहेबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "एक बार से कुछ नहीं होता, बेटा. ये सैकड़ों बार का काम है."

सुधन्वाचा हात तसाच वर राहिला. मग त्याने तो हळूच खाली घेतला आणि विचारलं, पक्का? जमीलसाहेब म्हणाले, चाळीस वर्षं हेच बघतोय. सुधन्वा हसला, पण नेहमीसारखा नाही. आपण केलंय असंच इतकी वर्षं त्यालाही वाटत होतं. मी चहाच्या ग्लासात बघत राहिले. चहा आल्याचा होता, फार चांगला होता, आणि मी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.

नव्या तुकड्यांचं मात्र जमीलसाहेबांना कोडं पडलं. चाप चपखल बसला. घोड्याचं भोक मात्र पिनेपेक्षा केसभर लहान. कुठल्या नंबरावरून मागवला? मी म्हटलं, एम एम ११४७. हा नंबर घरात आम्हाला फोननंबरासारखा पाठ. त्यांनी मान हलवली. या कंपनीत एम एम नावाचं काही नाही, असतं तर मला माहीत असतं. खरा नंबर शोधून आणा, नाहीतर जर्मनीतला भला माणूस चुकीचेच भाग पाठवत राहील. मी म्हटलं, भोकच जरा मोठं करता नाही का येणार? ते म्हणाले की येईल, पण मग घोडा डोलेल, आणि डोलणारा घोडा एक दिवस स्वतःच्या मर्जीने सुटेल. मला मागच्या वर्षीच्या बायका आठवल्या.

घरी येऊन मी आईला हे सगळं सांगितलं. ती हल्ली ऐकते, मान हलवते आणि तिथे नसते. एम एम नावाचं मॉडेलच नाही म्हणतात, मी म्हटलं. आता खरा नंबर कुठून शोधायचा.

"एम एम," आई म्हणाली. "अगं, मंडळाच्या चहाच्या किटलीवर पण एम एम आहे."

"काय?"

"किटलीवर. सतरंज्यांवर. त्या मोठ्या पातेल्याच्या बुडाला. सूर्यकांतरावांनी ठोकलेत ते. ते रेल्वेत स्टोअरला होते ना, चिटणीस झाले तेव्हा दिसेल त्या वस्तूवर नंबर ठोकत सुटले. डेडस्टॉक रजिस्टरचा. महाराष्ट्र मंडळ, एम एम." ती थांबली. "किटली अकराशे अठ्ठेचाळीस आहे. मीच घासते दर वर्षी."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या फायलींतल्या चुका काढणाऱ्या माझ्या बाबांनी जर्मन विक्रेत्याला चहाच्या किटलीच्या शेजारचा नंबर कळवला होता, आणि त्या बिचाऱ्याने त्यावरून कारखान्याचं साल शोधलं होतं. आईला आधी हुंदका आला असं मला वाटलं. ती हसत होती. पदर तोंडाला लावून, खुर्चीला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "आणि मला म्हणायचे," ती मधेच म्हणायची, "मला म्हणायचे, सुमित्रा, नीट वाचत जा." मग पुन्हा. दोन महिन्यांत त्या घरात एवढा मोठा आवाज झाला नव्हता.

दुसऱ्या रविवारी विश्वासकाकांनी रजिस्टर आणलं आणि खात्रीच झाली. ११४६, सतरंजी, निळी. ११४७, पिस्तूल, आवाजाचे, नग एक. ११४८, किटली. काकांनी त्या ओळीवर बराच वेळ बोट ठेवलं होतं. मग आम्ही तिघांनी मिळून मुठीचा स्क्रू काढला. अक्रोडाच्या लाकडाखाली, इतक्या वर्षांत कुणी न पाहिलेल्या जागी, पाच आकडे होते. बारीक, एकसारखे, कारखान्याने उमटवलेले.

ते मी जर्मनीला कळवले, आणि किटलीची हकिकतही. उत्तर लांबलचक आलं. त्या माणसाने लिहिलं होतं की त्याने ते पत्र बायकोला वाचून दाखवलं. मग कामाचं: आमचं पिस्तूल अगदी बदलाच्या काळातलं. कारखान्याने घोडा नव्या धाटणीचा केला होता, पण जुन्या चापांचा साठा शिल्लक होता. तो संपेपर्यंत सात-आठ महिने त्यांनी नवा घोडा आणि जुना चाप अशीच पिस्तुलं जोडली. तेव्हा चाप बदलू नका, तुमच्या वडिलांनी घेतला तो बरोबर आहे. घोडा मात्र दुसरा पाठवतो.

"जुना साठा संपेपर्यंत," आई समजल्यासारखं म्हणाली. ती लेखा परीक्षकांच्या कार्यालयातून निवृत्त झाली आहे. "मग बरोबर आहे. आमच्याकडेही तसंच करायचे."

नवा घोडा जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आला. या वेळी मी मेट्रोने एकटी दरियागंजला गेले. जमीलसाहेबांनी तो पिनेवर सरकवला, आणि तो असा गेला जसा कुणीतरी आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसावा. त्यांनी काडतूस घालून वीस वेळा उडवून पाहिलं, दर वेळी घोडा मागे ओढून, थांबून. आपोआप एकदाही सुटला नाही. विसाव्या आवाजाला वरच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यातून विचारलं की लग्न कुणाचं आहे. माझ्याकडून जमीलसाहेबांनी एक वचन घेतलं: रिकामं चालवायचं नाही. मी म्हटलं, नाही चालवणार. मग, परक्या माणसाला सांगणं सोपं असतं म्हणून, मी त्यांना सांगितलं की ते शेकडो वेळा चालवणारी मीच होते. त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"ये मुझे क्यों बता रही हो, बेटी?" ते म्हणाले.

क्रीडादिनाला छान ऊन पडलं होतं. शाळेच्या मैदानात चुन्याच्या रेघा, शामियान्यात किटली, किटलीपाशी आई. ज्याला त्याला ती किटलीचा नंबर दाखवत होती. पोलीस ठाण्यात नेहमीचं पत्र देऊन झालं होतं, आवाज होईल पण घाबरू नये या अर्थाचं. त्याचा मसुदा अजून बाबांचाच. स्टार्टर कोण, यावर चर्चा झालीच नाही. विश्वासकाकांनी लाल टोपी माझ्या हातात दिली आणि गळ्यात ध्वनिक्षेपक अडकवला.

पहिली शर्यत पासष्टीपुढच्या महिलांची. मी हात वर केला. "जागा घ्या." आईने पदर खोचला. "तयार." सगळं मैदान माझ्या बोटाकडे बघत होतं. बारा वर्षांची असताना मला वाटायचं त्याहून ते पुष्कळ भीतीदायक होतं, आणि पुष्कळ चांगलं. चाप ओढला, घोडा सुटला, आवाज थेट पलीकडच्या भिंतीवर आदळून परत आला आणि झाडांवरचे पोपट उडाले. बायका निघाल्या, या वेळी कायदेशीर. आई दुसरी आली. पहिल्या आलेल्या बाईंनी शेवटी पळून घेतलं, असं तिचं म्हणणं आहे.

मग मुलांचं लिंबू-चमचा, मुलींची पोत्यांची शर्यत, नवरा-बायकोची तीन पायांची. त्यात एक जोडपं अर्ध्यातच भांडून सुटं झालं. अकरा वेळा मी चाप ओढला आणि अकरा वेळा पिस्तूल माझ्या सांगण्यावर उडालं. शेवटची शर्यत पस्तिशीपुढच्या पुरुषांची शंभर मीटर. सहा जण रेघेवर आले. तिसऱ्या पट्ट्यात सुधन्वा होता. पोट आत घेऊन तो खाली वाकला, बोटं चुन्याला टेकवली. त्याच्या दोन्ही मुली दोरीपाशी उभ्या राहून बाबा बाबा ओरडत होत्या. विश्वासकाका घड्याळ घेऊन शेवटाला.

मी "जागा घ्या" म्हटलं. पुढचा शब्द मला म्हणवेना. सहाही जणांच्या माना वर झाल्या. मी हात खाली घेतला, घोडा अंगठ्याने धरून अलगद पुढे बसवला आणि तिसऱ्या पट्ट्यापाशी चालत गेले. सुधन्वा वाकलेलाच होता. काय झालं यार, तो म्हणाला, गुडघे दुखतात. ध्वनिक्षेपक गळ्यात होता. मी त्याचं बटण बंद केलं नाही. त्याला मार बसला तो सगळ्यांसमोर बसला होता.

"सुधन्वा," मी म्हटलं, आणि माझा आवाज शामियान्यापर्यंत गेला, "पिस्तूल तू बिघडवलं नव्हतंस. मी बिघडवलं होतं. वर्षभर, रोज दुपारी, कपाटाच्या आरशासमोर. तुला मार बसला तेव्हा मी तिथेच उभी होते आणि गप्प राहिले. विश्वासकाका, त्यानं काही केलं नव्हतं. आणि बाबा, तुम्ही सत्तावीस वर्षं विचारत होतात ना, कुणी चालवलं म्हणून. मी चालवलं, बाबा. मला तुमच्यासारखं व्हायचं होतं."